वारंवार दुखापत होणारा धावपटू मोठी मॅरेथॉन जिंकू शकतो का?

कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे साडेचार-पाचला विदर्भातल्या बहुतेक तालुक्यांत कॅनॉलच्या रस्त्यावर पोरं-पोरी पळताना दिसतात. कुणाला पोलीस भरतीचे १६०० मीटर काढायचे असतात, कुणाला वनरक्षकाचे ५ किलोमीटर. एखादा त्याच्याही पुढं जातो आणि ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉनचं मनावर घेतो. जवळजवळ प्रत्येक घोळक्यात एक जण असा असतोच, की जो सगळ्यांत वेगवान, पण वर्षातले चार महिने लंगडत. "पोरात दम आहे, पण हाड कच्चं आहे," असं म्हणून गाव त्याचा विषय मिटवून टाकतं.

विषय असा मिटत नाही. बोस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क, टोकियो या जगातल्या सर्वांत मोठ्या मॅरेथॉन. २०२५ पासून त्यांत सिडनीचीही भर पडली आहे. वारंवार मोडणाऱ्या शरीरांनी यांतल्या काही शर्यती जिंकल्या आहेत, आणि एकदा-दोनदा नाही. उत्तर 'हो' असंच आहे. त्याला अट एवढीच, की शर्यतीच्या आधी सलग १० ते १२ आठवडे न तुटता पळता आलं पाहिजे. सबंध वर्ष ठणठणीत जायची गरज नसते. खरी अडचण ही, की ते १२ आठवडे मिळवण्यासाठी त्याआधीचे तीन-चार महिने धीरानं काढावे लागतात, आणि वेगवान माणसाकडं नेमका तोच धीर कमी असतो.

आधी कोण जिंकलं ते बघू

अमेरिकेच्या जोन बेनॉइटच्या गुडघ्यावर एप्रिल १९८४ मध्ये दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर १७ दिवसांनी तिनं ऑलिम्पिकची निवड चाचणी जिंकली आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांची पहिलीवहिली ऑलिम्पिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत. हे उदाहरण सगळे सांगतात, आणि बहुतेक जण चुकीच्या कारणासाठी सांगतात. तिच्या गुडघ्यात एक तंतुमय पट्टा अडकत होता, तो काढला आणि अडथळा गेला. बिजागरीतला खडा काढला की दार लगेच फिरतं, तसं. हाड तडकलं असतं, तर जगातला कुठलाही डॉक्टर तिला १७ दिवसांत पळवू शकला नसता.

हाडाचं उदाहरण हवं तर शालेन फ्लॅनागन घ्या. २०१७ च्या सुरुवातीला तिच्या कमरेच्या हाडाला फ्रॅक्चर झालं, एप्रिलचं बोस्टन हुकलं, आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला ती न्यूयॉर्क २:२६:५३ मध्ये जिंकली. मेब केफ्लेझिघीच्या खुब्याच्या भागातलं हाड २००७ च्या अखेरीस तडकलं होतं. त्यानं २००९ मध्ये न्यूयॉर्क जिंकलं आणि २०१४ मध्ये, एकोणचाळिशीला टेकलेला असताना, बोस्टन.

पॉला रॅडक्लिफचं प्रकरण सर्वांत बोलकं आहे. २००३ मध्ये लंडनला तिनं २:१५:२५ चा विश्वविक्रम केला. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला पाय दुखावलेला होता, सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी पोट बिघडलं आणि शर्यत अर्धवट सुटली. २००८ मध्ये मांडीचं हाड तडकलं, तशीच बीजिंगला पळाली, २३ वी आली. पण न्यूयॉर्कची मॅरेथॉन तिनं २००४, २००७ आणि २००८ अशी तीनदा जिंकली. म्हणजे दोन्ही ऑलिम्पिक हुकलेल्या वर्षांत, त्याच नोव्हेंबरात, न्यूयॉर्क तिचं होतं. धावपटू तीच, शरीर तेच. ऑलिम्पिक चार वर्षांनी एकदा, ठरल्या तारखेला येतं. मोठ्या मॅरेथॉन दर वर्षी येतात, त्यामुळं वसंतात मोडलेल्या माणसाला शरद ऋतूत दुसरी संधी असते.

हाड तडकतं म्हणजे नेमकं काय होतं

अव्वल धावपटू मिनिटाला साधारण १८० पावलं टाकतो. २ तास १० मिनिटांत २३,४०० पावलं झाली, म्हणजे एकेका पायावर ११,७००. प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट जोर परत देते. ५० किलोचा धावपटू असेल तर एका पायावर सव्वा ते दीड क्विंटल, तेही सेकंदाच्या पाचव्या भागात. आणि ही झाली फक्त शर्यत. तयारीच्या आठवड्यात अव्वल मंडळी १६० ते २२० किलोमीटर पळतात.

या माराने हाडात बारीक चिरा पडतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण शरीर त्या दुरुस्त करतं आणि हाड पहिल्यापेक्षा टणक होतं. पण दुरुस्तीची रीत लक्षात घ्या. मातीच्या भिंतीचा पोपडा आधी खरवडून काढतात, मग नवा गिलावा देतात, आणि मधल्या दिवसांत भिंत पातळ असते. हाडात खरवडणाऱ्या पेशींचं काम सुमारे तीन आठवड्यांत उरकतं, गिलावा करणाऱ्यांना मात्र सुमारे तीन महिने लागतात. म्हणून पळणं एकदम वाढवलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून हाड सर्वांत कच्चं असतं. गंमत म्हणजे दम तोपर्यंत छान वाढलेला असतो. भरतीची जाहिरात निघाल्यावर जोमानं सुरू केलेल्या पोरांच्या नडग्या महिन्याभरानं दुखायला लागतात, त्याचं कारण हेच. हृदय तयार, हाड अजून खोदलेलं.

हाड जास्त मजबूत करायचं असेल तर नुसतं पळणं पुरत नाही. एकाच दिशेच्या, एकसारख्या माराला हाडाच्या पेशी लवकर सरावतात; काही डझन धक्क्यांनंतर त्या जवळजवळ बहिऱ्या होतात आणि पुन्हा ऐकू यायला सहा-आठ तास जातात. थोड्या, वेगवेगळ्या दिशांच्या उड्या जास्त कामाच्या ठरतात त्या यामुळं. लहानपणी चेंडूचे, पळापळीचे, दिशा बदलायचे खेळ खेळलेल्या धावपटूंना पुढं हाड तडकण्याचा त्रास कमी होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडचे लंगडी, खो-खो, कबड्डी त्याच जातीचे खेळ. दहा वर्षांच्या मुलीला रोज ८ किलोमीटर पळवणाऱ्या पालकांना एकच विनंती: तिला खो-खो खेळू द्या. मोठ्यांसाठी आठवड्यातून तीनदा, मऊ मुरमावर, २० ते ४० उड्या पुरेत. दुखत असेल तर त्याही नकोत.

जिंकण्याचा हिशोब

आता मूळ प्रश्नाला आकड्यांनी भिडू. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

एक धावपटू पूर्ण तयार असताना एखादी मोठी शर्यत जिंकण्याची शक्यता पाचात एक, म्हणजे २० टक्के धरा. दुखापतीमुळं दर दोन शर्यतींपैकी एकीलाच तो तयार होऊन उभा राहतो. म्हणजे एखादी शर्यत जिंकण्याची शक्यता १० टक्के. हा आकडा ऐकून कुणीही नाक मुरडेल. पण वर्षाला दोन शर्यती आणि चार वर्षं, अशा आठ संधी घेतल्या तर आठही वेळा हरण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे साधारण ४३ टक्के. एकदा तरी जिंकण्याची शक्यता ५७ टक्के. निम्म्याहून जास्त!

या हिशोबाला दोन जागी भोक पडतं. पहिलं वयाचं, कारण चौथ्या वर्षी तो पहिल्या वर्षाइतका वेगवान असेलच असं नाही. दुसरं मोठं आहे. जुनी दुखापत हीच नव्या दुखापतीची सर्वांत पक्की खूण असते. अर्धवट बरा होऊन शर्यतीला उभा राहिला, तर ती शर्यत तर जातेच, पुढच्या दोनही जातात. आठच्या पाच संधी उरल्या की शक्यता ४१ टक्क्यांवर येते. वारंवार मोडणाऱ्या धावपटूचा खरा खजिना संधींची संख्या आहे, आणि घाई तो खजिना उधळते.

शर्यत कुठली निवडायची यानंही फरक पडतो. बर्लिन, लंडन, शिकागो सपाट आणि वेगवान. तिथं बहुधा पेसमेकर, म्हणजे वेग राखायला नेमलेले धावपटू, ठरलेल्या वेगानं ओढत नेतात, आणि ज्याचं वर्ष सर्वांत चांगलं गेलं तो जिंकतो. बोस्टन आणि न्यूयॉर्कला चढउतार आहेत, अव्वल गटाला पेसमेकर नसतात, वारा-पाऊस असतो. तिथं शेवटच्या १० किलोमीटरपर्यंत कोण शांत राहतं याला मोल येतं. बोस्टनला २०१८ मध्ये थंडी, पाऊस आणि समोरचा वारा यांचा असा काही मारा झाला, की डेझ लिंडन २:३९:५४ अशा संथ वेळेत जिंकली. केफ्लेझिघी, फ्लॅनागन, लिंडन, रॅडक्लिफ या चौघांचे वर सांगितलेले विजय, रॅडक्लिफचा लंडनचा विक्रम सोडला तर, याच दोन शर्यतींतले आहेत. तेव्हा मोडक्या वर्षातून उठलेल्या धावपटूनं बर्लिनला विक्रमाच्या मागं लागण्यापेक्षा न्यूयॉर्कला जागेसाठी पळावं, असं आमचं स्पष्ट मत. बोस्टनचा उतार मात्र मांड्या फोडतो. ज्याची जुनी दुखापत मांडीच्या पुढच्या स्नायूची आहे त्यानं तिथं जपून.

अपवादही सांगायला हवा. केनेनिसा बेकेले २०१८ च्या अॅमस्टरडॅमला शेवट जवळ आलेला असताना बाहेर पडला होता. त्याआधीची कितीतरी वर्षं पोटरी आणि टाचेच्या दुखण्यात गेली होती. तोच २०१९ मध्ये, ३७ व्या वर्षी, सपाट बर्लिनला २:०१:४१ मध्ये जिंकला. विश्वविक्रम दोन सेकंदांनी हुकला. इतकी दैवी देणगी असेल तर शर्यत कुठलीही चालते.

दुखणं कुठलं, हे अंगठ्यानं ओळखा

"सर, नडगी दुखून रायली," असं पोरगं म्हणालं की पहिला प्रश्न एकच: "कुठं? एका बोटानं दाखव."

त्याला खाली बसवा. नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वर अंगठा दाबत जा, बोटभर अंतरानं. पाच सेंटिमीटर किंवा जास्त लांबीची पट्टी सगळीकडं सारखीच दुखत असेल आणि पळायला लागल्यावर दुखणं थोडं सैल होत असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाचा ताण आहे. पळणं निम्म्यावर आणा, पोटरीचा व्यायाम सुरू करा. पण रुपयाच्या नाण्याखाली झाकेल एवढ्याच जागेवर अंगठा पडल्यावर पोरगं पाय ओढून घेत असेल, पळताना दुखणं वाढत जात असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाड तडकतंय असं धरून चाला आणि त्याच दिवशी पळणं थांबवा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो. "एक्स-रे नील आहे, पळ" हा सल्ला किती पोरांना महागात पडला असेल! खात्री एमआरआयनंच होते, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागलं तरी जावं. तोवर पळू नये, एवढं तर फुकटात करता येतं.

काही जागा अशा आहेत की तिथं डॉक्टरकडं जायला एक दिवसही वाट बघायची नाही. जांघेत खोल दुखणं, तेही पाय टेकताना, म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असू शकते. ती पूर्ण मोडली तर स्क्रू घालावे लागतात आणि कारकीर्द तिथं संपू शकते. तिथं उडी मारून बघण्याचा प्रयोग करू नका; कुबडी घ्या आणि हाडांच्या डॉक्टरकडं जा. नडगीच्या पुढच्या धारेच्या मधोमध दुखणं, पावलाच्या वरच्या फुगवट्यावरच्या हाडाचं दुखणं आणि करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या मुळाचं दुखणं याच वर्गातलं. या जागांना रक्तपुरवठा कमी किंवा ताण जास्त, म्हणून त्या हट्टी असतात. कार्बनची पट्टी असलेले बूट घालणाऱ्या धावपटूंमध्ये पावलाच्या त्या वरच्या हाडाला चीर गेल्याची काही प्रकरणं २०२३ मध्ये नोंदली गेली. असे बूट शर्यतीला आणि मोजक्या वेगवान सरावांना ठेवावेत, रोज नको.

टाचेची नस, म्हणजे पोटरीतून टाचेकडं येणारा जाड दोर, ही वेगळी जात. ती विश्रांतीनं बरी होत नाही. विश्रांतीनं फक्त गप्प बसते आणि पळायला लागलं की पुन्हा बोलते. तिला वजन हवं असतं, पण हळू. ओट्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवा, दोन्ही पायांनी वर जा, मग दुखऱ्या एका पायावर तीन सेकंद मोजत टाच पायरीखाली उतरवा. १५ वेळा, तीन फेऱ्या, गुडघा ताठ ठेवून. तेवढंच गुडघा वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सोपं झालं की पाठीवरच्या बॅगेत तांदळाची पाच किलोची पिशवी टाका. दहापैकी तीन-चार इतकं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना कालच्यापेक्षा जास्त आखडलं असेल तर वजन कमी करा. दुखणं नसेच्या मध्यावर नसून अगदी टाचेच्या हाडापाशी असेल तर पायरीखाली उतरू नका, सपाट जमिनीवरच करा.

गेलन रपला टाचेजवळच्या हाडाच्या वाढीमुळं ऑक्टोबर २०१८ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. वर्षानं शिकागोत पुनरागमन केलं तेव्हा शर्यत सोडावी लागली, आणि २९ फेब्रुवारी २०२० ला त्यानं अमेरिकेची ऑलिम्पिक निवड चाचणी जिंकली. सोळा महिने. नस आपल्या चालीनंच चालते.

बसून असताना दम कसा राखायचा

पूर्ण बसून राहिलं तर कसलेल्या धावपटूची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के आणि आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्के उतरते. पहिले काही दिवस जाते ती मुख्यतः रक्तातल्या पाण्याची मात्रा, आणि ती लवकर परतही येते. म्हणून दहा दिवसांच्या सक्तीच्या विश्रांतीनं फारसं काही बिघडत नाही. भरतीच्या पोरांना हे पटत नाही, पण ते खरं आहे.

लांब विश्रांती असेल तर सायकल. कॅनॉलच्या सपाट रस्त्यावर साधी सायकलही चालते: १५ मिनिटं हळू, मग पाच मिनिटं जोरात आणि दोन मिनिटं सैल अशा सहा फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीनदा. बाकी दिवस तासभर सावकाश. जोरातल्या फेऱ्या सोडू नका. एकूण वेळ बराच कमी झाला तरी कसरतीची तीव्रता टिकली तर दम टिकतो. सायकलवर नाडी पळण्यापेक्षा मिनिटाला दहा-एक ठोके कमी दिसते, त्याची काळजी नको. जांघेच्या किंवा माकडहाडाच्या वरच्या भागाच्या दुखापतीत मात्र सायकलही डॉक्टरांना विचारूनच.

पाण्यात तरंगत पळण्याचा व्यायाम उत्तम, पण तो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पोहण्याच्या टाकीत. शेततळ्यात अजिबात नाही. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचे काठ इतके निसरडे असतात, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. दर वर्षी माणसं जातात त्यात.

परत पळणं: पेरणीसारखं

मृगाची पहिली सर पडली की पेरणीची घाई होते, आणि कृषी विभाग दर वर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ज्यानं ऐकलं नाही त्याच्यावर दुबार पेरणीची पाळी येते. दुखापतीनंतरचं पळणं अगदी असंच आहे. दुखणं थांबलं ही पहिली सर. ओल किती खोल गेली ते वेगळं तपासावं लागतं.

तपासायचं असं. रोजच्या चालण्यात सलग पाच दिवस जराही दुखलं नाही पाहिजे. अंगठा दाबल्यावर हाड दुखलं नाही पाहिजे. ४५ मिनिटं झपाझप चालता आलं पाहिजे. एका पायावर टाच उचलणं २०-२५ वेळा, दोन्ही पायांनी सारखंच जमलं पाहिजे. हे सगळं झालं की दिवसाआड पळणं सुरू: पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळणं आणि चार मिनिटं चालणं, सहा वेळा. दुसऱ्यात दोन आणि तीन. तिसऱ्यात चार आणि एक. चौथ्यात ३० मिनिटं सलग, सावकाश. कुठंही हाडाचं दुखणं परतलं तर दोन दिवस थांबून मागच्या पायरीवर. आधी अंतर वाढवायचं, मग दिवस, आणि वेग सर्वांत शेवटी.

नडगीच्या साध्या चिरेला सहा ते आठ आठवडे विश्रांती, चार आठवडे हे चालणं-पळणं, सहा आठवडे अंतर वाढवणं आणि मग मॅरेथॉनचे खास १२ आठवडे. बेरीज २८ ते ३० आठवडे, म्हणजे सात महिने. फेब्रुवारीत हाड तडकलं तर एप्रिल विसरा, ऑक्टोबर-नोव्हेंबर हातात आहे. फ्लॅनागनचं वर्षही याच मापात बसतं.

खास १२ आठवड्यांत वारंवार मोडणाऱ्या धावपटूनं २०० किलोमीटरच्या मागं लागू नये. १२० ते १४० किलोमीटर पळणं आणि वर चार तास सायकल, लांब पळणं दर आठवड्याऐवजी दर दहा दिवसांनी, दर चौथा आठवडा हलका. यात थोडा वेग जातो हे मान्य. पण सातव्या आठवड्यात मोडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

जमिनीचंही बघा. मुरमाचा कॅनॉल रस्ता सर्वांत चांगला. काळ्या मातीचा पांदण रस्ता उन्हाळ्यात भेगांनी घोटा मुरगाळतो आणि पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल चिकटवतो. डांबरी रस्ता दोन्ही कडांना उतरता असतो. रोज एकाच कडेनं पळलं तर एक पाय कायम खाली पडतो. बूट उलटा करून बघा, एकाच बुटाची बाहेरची टाच तिरपी घासली असेल तर बरेचदा हेच कारण. गाड्या समोरून दिसतील अशी उजवी कडच सुरक्षित, म्हणून उतार टाळायला बाजू बदलत बसण्यापेक्षा रोजचा सराव मुरमावर न्यावा.

भाकर कमी पडते तिथं हाड मोडतं

वारंवार हाड तडकण्यामागं पोटाचा हिशोब इतक्या वेळा निघतो, की तो आधीच मांडावा. ४८ किलोची मुलगी धरा, त्यात चरबी सोडून सुमारे ४१ किलो. शरीराची रोजची कामं नीट चालायला किलोमागं ४५ कॅलरी, म्हणजे १८४५. ती २० किलोमीटर पळली तर किलोमीटरला किलोमागं साधारण एक, म्हणजे ९६० आणखी. गरज झाली २८०० ची. दोन वेळच्या दोन-दोन मोठ्या ज्वारीच्या भाकरी, वरण, भाजी आणि चहा असं जेवण १८००-१९०० पाशी थांबतं. रोजचा ९०० चा खड्डा! महिनोनमहिने असं चाललं की शरीर खर्च कापतं. पाळी लांबते किंवा थांबते, हाडाची दुरुस्ती मंदावते. "पळणाऱ्या पोरींची पाळी जातेच" असं काही प्रशिक्षक सहज बोलतात. ते चूक आहे. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडं गेलंच पाहिजे. मुलांमध्ये ही खूण दिसत नाही, म्हणून त्यांचं उपाशी पळणं आणखी उशिरा कळतं.

खड्डा भरायला डब्यातली महागडी पावडर लागत नाही. अर्धा लिटर म्हशीचं दूध ५०० च्या आसपास, ५० ग्रॅम शेंगदाणे २८०, ३० ग्रॅम गूळ ११५. झाले ९००. दिवसाच्या कॅल्शियमचा निम्म्याहून जास्त वाटाही त्या दुधातच येतो. वर जवसाची किंवा तिळाची चटणी असतेच आपल्याकडं. अंधारात पळून दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्यांनी ड जीवनसत्त्व तपासावं. रक्तात मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर गोळ्या देतात.

विदर्भापुरती आणखी एक तपासणी सांगितलीच पाहिजे, सिकल सेलची, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची. गडचिरोली, चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत हा आजार बराच आहे. सोल्युबिलिटी टेस्ट ही पहिली साधी रक्तचाचणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, ती सकारात्मक आली तर पुढची पक्की चाचणी करतात. रुग्ण असलेल्या व्यक्तीच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजू शकतं, आणि ते दुखणं पळण्याची दुखापत समजून चोळलं जातं. जो फक्त वाहक आहे तो पळू शकतो, पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जिवाच्या आकांतानं पळणं त्याला धोक्याचं. स्नायू अचानक ढिले पडून दुखायला लागले तर लगेच थांबवून सावलीत घ्यायचं आणि दवाखाना गाठायचा. लोहाच्या गोळ्याही अशांनी विचारूनच घ्याव्यात.

गोळी, इंजेक्शन आणि शर्यतीचा दिवस

डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊन पळल्यानं दुखणं झाकतं, चीर वाढत राहते. शिवाय घाम जाऊन शरीर सुकलेलं असताना या गोळ्या किडनीवर बसतात. आपल्या कोरड्या उन्हात घाम अंगावर दिसतही नाही, उडून जातो, म्हणून धोका जास्त. टाचेच्या नसेत स्टेरॉइडचं इंजेक्शन नस तोडू शकतं. स्पर्धेच्या खेळाडूला आणखी एक अडचण: १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात असं कुठल्याही जागी दिलेलं इंजेक्शन बंदीच्या यादीत आहे, आणि आधी घेतलेलं औषधही चाचणीत काही दिवस-आठवडे दिसू शकतं.

शर्यतीच्या आठवड्यात निर्णय असा घ्यावा. स्नायू आखडलेला, दुखणं दहापैकी तीनच्या आत, पळताना वाढत नाही आणि चाल बदलत नाही: उभं राहा. लंडनला २०२३ मध्ये सिफान हसन खुब्याच्या दुखण्यानं वाटेत थांबली, पाय ताणला, मागं पडली, आणि तरी २:१८:३३ मध्ये जिंकली. तिची ती पहिलीच मॅरेथॉन होती. पण दुखणं नाण्याएवढ्या जागेवर असेल, किंवा सराव पळताना लंगड येत असेल, तर जागा दुसऱ्याला द्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला इथिओपियाचा सिसाय लेम्मा जखमी होता, त्याच्या जागी राखीव असलेला तामिरात तोला उतरला आणि २:०६:२६ चा ऑलिम्पिक विक्रम करून सुवर्ण घेऊन गेला.

आणि पळताना कळलं तर? तर तिथंच थांबायचं. बोस्टनच्या वादळात जिंकलेली ती डेझ लिंडन २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला मांडीचं हाड तडकलेलं असताना उभी राहिली होती. साडेतीन किलोमीटरच्या आसपास ती बाजूला झाली. उरलेले साडेअडतीस पळत बसली नाही. हाड भरलं, आणि सहा वर्षांनी, ३४ व्या वर्षी, तिनं बोस्टन जिंकलं.